जीपच्या गावाहून पत्र

टोलेडो, ओहायो
ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर अण्णा "बरं, ठेव" एवढंच म्हणाले, तेव्हाच मला कळलं की मनात बरंच काही राहिलंय. नंतर किरणने सांगितलंच. एवढी जुनी जीप का घेतली, पतसंस्थेचं कर्ज बाकी असताना का घेतली, आणि फोटोत गाडीवर ती पिवळी बदकं कुणी ठेवली? फोनवर या गोष्टी नीट सांगता येत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

माझी तब्येत छान आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीचे कपडे भरपूर आहेत. ऑफिसचं तुम्हाला माहीतच आहे, त्यात नवीन काही नाही.

आधी बदकांचं सांगते, कारण आई त्या फोटोमुळे झोपली नाही म्हणे. आई, ती करणीची नाहीत आणि कुणी माझ्या मागावरही नाही. लहान मुलांना आंघोळीच्या टबात खेळायला देतात ती रबरी बदकं आहेत. इथे ज्याच्याकडे जीप असते तो गाडीत अशी बदकं बाळगतो. दुकानासमोर, दवाखान्याबाहेर, कुठेही दुसऱ्या कुणाची जीप उभी दिसली आणि आवडली, की तिच्या दाराच्या मुठीवर किंवा आरशावर एक बदक ठेवायचं आणि निघून जायचं. मालक कोण, बाई की पुरुष, कुठला, काही बघायचं नाही. कधी सोबत चिठ्ठी असते, बहुतेक वेळा नसते. ज्याला बदक मिळालं त्याने ते घरी न्यायचं नाही, डॅशबोर्डवर काचेपुढे मांडायचं. म्हणून फोटोत तशी रांग दिसते. दुसऱ्या गाड्यांना हे कुणी करत नाही, फक्त जीपला. कंपाससारख्या छोट्या मॉडेलला बदक द्यावं की फक्त रँग्लरला, म्हणजे जुन्या उघड्या जीपच्या घाटाच्या मॉडेलला, यावरसुद्धा लोक तावातावाने बोलतात.

हे फार जुनंही नाही. २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात अॅलिसन पार्लमेंट नावाच्या एका बाईने एका अनोळखी जीपवर चिठ्ठीसह बदक ठेवलं. लोकांचे चेहरे उतरलेले होते, कुणाला तरी बरं वाटावं एवढाच हेतू. तिथून ते सगळीकडे पसरलं. ती बिचारी २०२४ मध्ये गेली, पण बदकं चालूच आहेत. त्याच्याही आधीपासूनची रीत म्हणजे समोरून जीप आली की चालकाने हात वर करायचा. आई, वारीत अनोळखी माणसालाही आपण माउली म्हणतो ना, तसंच समज.

मला पहिलं बदक मिळालं त्या दिवशी पाऊस होता. ऑफिसातून निघायला उशीर झाला होता, पार्किंग रिकामं. दाराच्या मुठीत ते अडकवलेलं. डोक्यावर लाल टोपी, चोचीवरून पाणी ओघळतंय, आणि पोटाखाली बॉलपेनने तारीख लिहिलेली. मी गाडीत बसून ते ओढणीने पुसलं आणि बराच वेळ हातात धरून होते. या गावात मला आपणहून काही देणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. काळजी करू नका, आता ओळखी झाल्यात. शनिवारी एक तेलुगू कुटुंब जेवायला बोलावतं, आणि मागच्या गल्लीत एक आजोबा आहेत, त्यांचं पुढे सांगते.

आता अण्णा, गाडीचं. ती चैन म्हणून घेतलेली नाही. इथे बस तासातासाने येते, आमच्या बाजूला तर रात्री नसतेच, आणि किराणा आणायला चारचाकी लागतेच. नवी रँग्लर फार महाग आहे, तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. माझी २००४ ची आहे. तुम्ही म्हणाल एकवीस वर्षांचं डबडं. पण इंजिन ऐका: चार लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत, पेट्रोल. हे इंजिन १९८७ च्या मॉडेलपासून २००६ पर्यंत जीपला बसत होतं. तेल-पाणी वेळेवर बघितलं तर दोन लाख मैल सहज जातं, असं इथे ज्याच्याकडे आहे तो प्रत्येक जण सांगतो. पुढे-मागे दोन्हीकडे सलग अॅक्सल, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच दांड्याला. स्प्रिंगचे पाटे मात्र नाहीत. १९९७ च्या मॉडेलपासून त्यांनी कॉइल स्प्रिंग दिले, त्यामुळे तुमच्या महिंद्रा कमांडरसारखी कंबर धरत नाही. लिटरला सहा-सात किलोमीटर देते, हे मान्य. पण माझं रोजचं अंतर कराड-विंगपेक्षा जास्त नाही.

किरणने तुम्हाला यूट्यूबवर स्टिअरिंग थडथडतानाचे व्हिडिओ दाखवले, ते त्याने करायला नको होतं. ते खोटे नाहीत. सलग अॅक्सलच्या गाडीत ट्रॅक बारचा (अॅक्सल बाजूला सरकू न देणाऱ्या दांडीचा) बुश सैल झाला, बॉल जॉइंट झिजले किंवा टायर बॅलन्स नसले, की वेगात खड्डा लागल्यावर पुढची चाकं थरथरायला लागतात आणि गाडी अगदी हळू होईपर्यंत थांबत नाहीत. पुष्कळ जण घाईने स्टिअरिंगचा डँपर, म्हणजे झटके शोषणारा भाग, बदलतात. त्याने थरथर दबते, मूळ झीज तशीच राहते. मी बुश आणि बॉल जॉइंट आधी तपासून घेतले, मग पैसे दिले. तुम्हीच शिकवलंय ना, गाडी बघायची तर आधी खाली वाकून बघायची.

खरा शत्रू मीठ आहे. बर्फ वितळावा म्हणून इथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते चॅसिसच्या पोकळीत चिखलाबरोबर साठतं. वरून रंग चकचकीत आणि आतून लोखंड पोखरलेलं, असं या मॉडेलला फार होतं, विशेषतः मागच्या चाकांच्या पुढे. म्हणून मागच्या गल्लीतल्या आजोबांना सोबत नेलं. त्यांनी आयुष्यभर इथल्या जीपच्या कारखान्यात वेल्डिंग केलंय. ते गुडघे दुखत असताना पाठीवर झोपून गाडीखाली गेले आणि हातोडीने चॅसिस वीत-वीत वाजवत आले. ठण, ठण, ठण. एका जागी आवाज बदलला तसे थांबले. खिशातला चाकू काढून रंग खरवडला. आधीच्या मालकाने तिथे नवी पट्टी बसवली होती. जोडावरून अंगठा फिरवून म्हणाले, ज्याने हे केलंय त्याला काम येत होतं, घे गाडी. आता बर्फ पडायच्या आधी खालून तेलाचा फवारा मारून घेणार आहे. थंडीचं झालं ना समाधान?

या आजोबांमुळेच मला कळलं की मी कुठल्या गावात येऊन पडले आहे. अण्णा, तुमच्या कमांडरचं मूळ गाव हे आहे! विलीज-ओव्हरलँडचा कारखाना इथलाच. तो पाडून टाकला, पण विटांची एक उंच चिमणी ठेवली आहे, तिच्यावर वरपासून खालपर्यंत ओव्हरलँड लिहिलंय. आजोबांनी मला तिथे नेऊन दाखवली.

गाडीचा जन्म मात्र दुसरीकडचा. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने शंभरावर कंपन्यांना विचारलं की हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी कोण करून देईल, आणि नमुन्याला मुदत दिली फक्त ४९ दिवसांची. पेनसिल्वेनियातल्या बटलर गावची बँटम ही बुडत चाललेली छोटी कंपनी होती. तिने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं, त्याने काही दिवसांत आराखडा काढला आणि सप्टेंबरमध्ये गाडी मुदतीत हजर केली. पण एवढ्या छोट्या कंपनीला युद्धाचा पुरवठा झेपणार नाही म्हणून सैन्याने तिचे आराखडे विलीज आणि फोर्डला दाखवले. विलीजचं ६० अश्वशक्तीचं इंजिन सरस ठरलं, मोठं काम टोलेडोला मिळालं, आणि बँटम ट्रेलर बनवत राहिली. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या. मला बँटमचं फार वाईट वाटतं. कष्ट तिचे, नाव दुसऱ्याचं.

आपले आप्पा पलटणीबरोबर इटलीत होते, तेव्हा त्यांनी पाहिली ती हीच जीप. पुढे १९४७ नंतर महिंद्रांनी विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी सुरू केली, हळूहळू सगळे भाग तिकडेच बनू लागले आणि त्याच घराण्यातली तुमची कमांडर. इकडे मूळ कंपनीचे मालक बदलत गेले: १९५३ मध्ये कायझर, १९७० मध्ये एएमसी (अमेरिकन मोटर्स), १९८७ मध्ये क्रायस्लर, आता स्टेलँटिस. रँग्लर मात्र अजून टोलेडोलाच बनते. महिंद्राची रॉक्सर नावाची गाडी इकडे आली, तेव्हा ती हुबेहूब जीपसारखी दिसते म्हणून इकडच्या कंपनीने तक्रार केली. २०२० मध्ये आधी विक्रीवर बंदी आली, मग पुढचा चेहरा बदलून दिलेल्या गाडीला परवानगी मिळाली. महिंद्राने सत्तरहून जास्त वर्षांपूर्वी विलीजकडून रीतसर परवाना घेतला होता. ते मागच्या गल्लीतल्या आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, मग तुम्ही घरचेच.

ऑगस्टमध्ये इथे जीपची जत्रा असते. २०१६ मध्ये जीपच्या पंचाहत्तरीला पहिली भरली. रस्त्यावर जीपांची मिरवणूक निघते, युद्धातल्यासुद्धा. लोक दारं काढून गाड्या चालवतात. (आई, मी दारं काढत नाही.) मी आजोबांना तुमचा फोटो दाखवला, ढेबेवाडी स्टँडवरचा, मागे माणसं लोंबकळतायत तो. किती जण बसायचे, म्हणाले. मी म्हटलं, बसायचे ते मोजायचो, लटकायचे ते नाही. तळमावल्याच्या बाजाराच्या दिवशी मी तुमच्या शेजारी गिअरच्या बाजूला पाय दुमडून बसायचे, ते सगळं त्यांना सांगत राहिले. जीपने माणसं नेण्याच्या त्या वडाप धंद्यावर माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. म्हणून गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा दुसरी कुठली घ्यावीशी वाटली नाही. अण्णा, यात राग येण्यासारखं काही आहे का?

आता पैशांचं. पतसंस्थेच्या हप्त्याला ठेवलेल्या पैशांना मी हात लावलेला नाही. गाडी माझ्या बोनसमधून घेतली आहे. या महिन्याचे पैसे गेल्या शुक्रवारी टाकलेत, आणि वर एक लाख किरणच्या लग्नासाठी. त्यातून सूनबाईचं मंगळसूत्र करा, माझ्यासाठी म्हणून काही घेऊ नका. हॉलचा अॅडव्हान्स राहिला असेल तर किरणने लगेच कळवावं.

साखरपुड्याला मला येता येणार नाही. रजा शिल्लक आहे, पण व्हिसाच्या शिक्क्याची तारीख फेब्रुवारीतली मिळाली आहे, त्याआधी गेले तर परत यायची खात्री नाही. लग्नाला नक्की येणार, तिकीटही बघून ठेवलंय. करवलीचा मान दुसऱ्या कुणाला देऊ नका. साखरपुड्याला व्हिडिओवर असेनच, इथे पहाट असली तरी. मामांना सांगा राग धरू नका म्हणून.

आणि मोठी बिनलग्नाची असताना धाकट्याचं कसं करता, असं आत्या विचारते, ते मला ठाऊक आहे. आई, त्यावरून तू लोकांसमोर गप्प बसतेस हेही ठाऊक आहे. माझ्यामुळे किरणला थांबवू नका, सुनेच्या माहेरच्यांचाही विचार करा. इस्लामपूरच्या स्थळाची पत्रिका आणि फोटो पाठवा. मुलाचा नंबर मला द्या, मी स्वतः बोलते. तो पुण्यातली नोकरी सोडून इकडे येईल, असं त्यांच्या घरच्यांना तुमच्याकडून सांगू नका, आणि मी बोलल्याशिवाय बघण्याचा कार्यक्रमही ठरवू नका. लग्नच नको असं माझं म्हणणं नाही, एवढं आत्याला सांगितलं तरी चालेल.

अण्णांनी बीपीची गोळी चुकवू नये. कमांडर भंगारवाल्याला द्यायचं चाललंय असं किरण म्हणाला. मी फेब्रुवारीत येईपर्यंत देऊ नका, शेडमध्ये राहू दे, शेडचं भाडं मी देते.

तुमची,
सुजाता