बॉक्स-बिल नसलेला कॅमेरा घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्नं लागली की आमच्या सिंधुदुर्गात माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते आणि आम्हा फोटोवाल्यांच्या बॅगांवर डोळा ठेवणाऱ्यांचीही. कुडाळ-कणकवली पट्ट्यात मी लग्नाचे फोटो काढतो. बॉडी, लेन्स, फ्लॅश आणि ड्रोन धरून बॅगेत चारेक लाखांचा माल असतो, त्यातला निम्मा बँकेचा.

माझ्या पाहण्यात बॅगा जातात त्या अक्षता पडल्यावर. सगळे पंगतीकडे धावतात, आम्ही जोडप्याला घेऊन बाहेर आंब्याखाली फोटो काढत असतो आणि बॅग स्टेजमागे लाइटच्या स्टँडजवळ पडलेली असते. चोर इस्त्रीच्या शर्टात येतो. मुलीकडच्यांना तो मुलाकडचा वाटतो, मुलाकडच्यांना मुलीकडचा. अशीच माझ्या एका मित्राची बॅग गेली. कार्यालयाच्या मॅनेजरने वर ऐकवलं, ‘तुमची बॅग राखूक आमी काय वाचमन?’

पोलिसांनी सीरियल नंबर विचारला, तिथे खरी पंचाईत झाली. बॉक्स घर बदलताना गेलेला. बिल थर्मल कागदावरचं, त्यावरची अक्षरं उडालेली. मग फिर्यादीत काय लिहिणार? ‘काळ्या रंगाचा कॅमेरा’! जिल्ह्यातला जवळपास प्रत्येक कॅमेरा या वर्णनात बसतो. मोबाइल चोरीला गेला तर सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर हँडसेटचा आयएमईआय नंबर देऊन तो बंद पाडता येतो. कॅमेरा नेटवर्कवर नसतोच, त्यामुळे त्याला तशी सोय नाही. तो आपला आहे हे सांगायला बॉडीवरचा आणि लेन्सवरचा नंबर एवढाच आधार.

मित्राला तो नंबर शेवटी जुन्या हार्ड डिस्कमध्ये सापडला. बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोच्या मूळ फाइलमध्ये बॉडीचा नंबर आपोआप नोंदला जातो. मात्र फाइल कार्डावरून थेट उतरवलेली हवी. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या प्रतीतून ही माहिती गळालेली असते. ज्यांचे बॉक्स हरवलेत त्यांनी आजच जुन्या फाइल उघडून बघाव्यात, नंबर वहीत उतरवावेत आणि बिलाचा फोटो काढून स्वतःला ईमेल करून ठेवावा.

कोकण रेल्वेने जाताना बॅग गेली आणि ते पनवेलला कळलं, तरी हद्दीच्या वादात अडकायचं कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते. आणि दुकानाचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. घरफोडीच्या पॉलिसीला साधारणपणे कुलूप किंवा दार फोडल्याची खूण लागते. स्टेजमागून उचललेली बॅग त्यात बसत नाही. बाहेर फिरणाऱ्या सामानाचा विमा वेगळा काढावा लागतो.

आता थोडं आपल्याच लोकांबद्दल, राग आला तरी चालेल. ही चोरीची लेन्स घेतं कोण? मासळीबाजारात तिला गिऱ्हाईक नाही. ती आपणच घेतो. ‘अर्जंट विकणे, बॉक्स-बिल नाही’ असा मेसेज ग्रुपवर पडला आणि किंमत निम्म्याहून कमी असली की पाच जण ‘इंटरेस्टेड’ लिहितात. माल चोरीचा आहे असं मानायला कारण असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तालुक्यातल्या फोटोग्राफर संघटनांनी चोरीला गेलेल्या सामानाचे नंबर एकमेकांना कळवले आणि नंबर जुळवल्याशिवाय कोणीच जुना माल घेतला नाही, तर चोराला तो इथे खपवणं जड जाईल.

राहता राहिली मंगल कार्यालयं. वधूपक्षाला दागिन्यांसाठी कुलपाची खोली मिळते, तर स्टेजजवळ आमच्यासाठी एक कुलपाचं कपाट ठेवायला मालकांना काय अडचण आहे? हवं तर त्याचं भाडं लावा, आम्ही देऊ.

आपला,
एक लग्न-छायाचित्रकार, कुडाळ