३२ ची हवा तुमच्याच माणसाने सांगितली होती

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: एलटी (लाइट ट्रक) टायर २६५/७५ आर १६, चार नग. वॉरंटी नाकारल्याबद्दल.

आज दुपारी तुमच्या तांत्रिक विभागाने फोनवर माझी वॉरंटी नाकारली. कारण काय, तर "टायर कमी हवेवर चालवला." ती हवा, ३२ पीएसआय, मला तुमच्याच कंपनीने सांगितली होती. पत्र त्यासाठी आहे.

माझी डबल-कॅब पिकअप, मूळ टायर २४५/७० आर १६. मागे ट्रेलर आणि ट्रेलरवर फायबरची बोट, दोन्ही मिळून १६०० किलो. तारकर्लीला पुळणीवरून बोट वर काढताना गाडीचं पोट वाळूला टेकायचं, म्हणून थोडे मोठे टायर हवे होते. थोडेच. मी २६५/७० मागितले होते. मूळ टायरापेक्षा २८ मिमी जास्त व्यास, म्हणजे पावणेचार टक्के. तुमच्या सल्लागाराने २६५/७५ गळ्यात मारले. तिथे फरक ५४ मिमीचा, सात टक्क्यांच्या वर. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर उंच पडतो आणि ओढण्याची ताकद घटते, हे टायर कंपनीला मी सांगायचं का? रिकाम्या गाडीला ते खपून जातं. मागे बोट असली की घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी दम टाकते आणि क्लचचा वास येतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ ने धावत असते.

तेही मी सोसलं असतं. हवेचं सोसणार नाही.

टायर बसवले त्या दिवशी मी तुमच्या हेल्पलाइनला मुद्दाम फोन केला. ट्रेलर ओढतो, बोट आहे, मागच्या अ‍ॅक्सलवर भरल्या गाडीचं वजन काट्यावर १८४० किलो आलंय, हवा किती ठेवू, असं विचारलं. उत्तर मिळालं, "दारावर लिहिलीय तेवढीच. ३२." मी पुन्हा विचारलं, ट्रेलरसह? "हो, ३२."

दारावरचा आकडा मूळ टायरांचा असतो. तुम्ही दिलेला टायर एलटी आहे. त्याच्यावर १२३ हा भारांक आहे, म्हणजे एका टायराला १५५० किलो, आणि तो भार ८० पीएसआयच्या हवेला. हवा उतरली की भार पेलायची ताकदही उतरते. ३२ च्या हवेवर १५५० चा आकडा लागूच होत नाही. बाजू दबते, प्रत्येक फेऱ्याला मुडपते, तापते, आणि आतून रबर सुटतं. हे आता मला पाठ झालंय. तेव्हा मी विश्वासाने विचारलं होतं आणि तुमच्या माणसाने विश्वासाने चुकीचं सांगितलं.

मे महिन्यात उजनीच्या एका गिऱ्हाइकाला बोट पोचवायला निघालो. बरोबर माझा मुलगा. फोंडा घाट चढून दाजीपूरच्या अलीकडे मागचा डावा टायर बाजूने फाटला. संध्याकाळ झालेली, गव्यांचं रान, फोनला रेंज नाही, आणि मागे बोटीसकट १६०० किलोचा ट्रेलर हेलकावत होता. गाडी कशी सावरली ते माझं मला माहीत. स्टेपनी जुन्या मापाची, कारण पाचवा टायर मागितला तेव्हा "जुनी चालते" असं तुमच्याच विक्रेत्याने सांगितलं होतं. एकाच अ‍ॅक्सलवर ५४ मिमी लहान-मोठी चाकं घेऊन, डिफरन्शिअल (दोन चाकांना वेग वाटून देणारी गिअरपेटी) तापणार म्हणून जीव मुठीत धरून, बोट तिथेच सोडून राधानगरीपर्यंत सरपटत आलो. तिथल्या पंक्चरवाल्याने टायर उतरवला. आतून रबराचा भुगा ओंजळभर निघाला. तो म्हणाला, "आवं, ह्या टायराला ३२ हवा कुणी सांगिटली?"

कुणी सांगितली ते तुम्हाला विचारतोय.

आता आजचा फोन. तुमचे अधिकारी म्हणाले, "फोटोत साइडवॉलवर गोल पट्टा दिसतोय, कमी हवेचीच खूण आहे." मी म्हटलं, मान्य, पण ३२ तुम्हीच सांगितली. "तोंडी सल्ला आम्ही धरत नाही." मी म्हटलं, फोन लागला की कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच ऐकवता, ते ऐका. "ते रेकॉर्डिंग अंतर्गत वापरासाठी असतं." मग म्हणे, "तुम्ही ट्रेलर ओढता हे सांगितलंच नव्हतं." बिलावर विक्रेत्याच्या हातचं 'ट्रेलरसाठी' असं लिहिलेलं आहे, ते मी वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प. आणि मग हसत म्हणाले, "होडी ओढायची तर ट्रॅक्टर घ्यायचा ना साहेब." पलीकडे आणखी कोणीतरी हसलं. मी ऐकलं ते. माझा मुलगा शेजारी उभा होता, त्यानेही ऐकलं. त्या संध्याकाळी गाडीत तोच माझ्या शेजारी बसला होता.

माझ्या वडिलांच्या टेम्पोला वर्षानुवर्षं तुमचेच टायर असायचे. दुसऱ्या कंपनीचे स्वस्त मिळत असताना मी तुमचे घेतले ते त्या आठवणीपोटी. चार टायरांचे ७४,००० रुपये मोजले, हप्त्याने नाही, रोख.

मला चारही टायरांचे पैसे परत हवेत, क्रेन आणि बोट आणण्याचा खर्च हवा, आणि त्या कॉलचं रेकॉर्डिंग हवं. शिवाय वजनानुसार किती हवा ठेवायची याचा तक्ता प्रत्येक एलटी टायराबरोबर छापून द्या. दारावरचा आकडा वाचून दाखवायला हेल्पलाइन लागत नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर सिंधुदुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. "धंद्याची गाडी आहे, तुम्ही ग्राहक नाही" असं तिथे म्हणायचा विचार असेल तर २०१९ चा कायदा नीट वाचा. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात ग्राहकाचीच धरली आहे, आणि वापराची पुरेशी सूचना न देणं हासुद्धा उत्पादकाचा दोष धरला आहे. माझी एक पिकअप आहे, एक बोट आहे, आणि ती चालवणारे आम्ही दोघे बापलेक.

टायर हातात न घेता फोटोवरून तुम्ही निकाल दिलात. आता तो तपासणीसाठी पाठवा म्हणून मागू नका. भुग्यासकट पोत्यात बांधून ठेवलाय, तो आयोगापुढेच उघडेन.

मालवणहून,
तुमचा ग्राहक