खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे महिने वाऱ्यावर सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी जखमी गोविंदांचे आकडे वृत्तपत्रांत छापून येतात आणि चार दिवसांत तो विषय मागे पडतो. या तरुणांचा, कबड्डीच्या पकडीत खाली आलेल्या खेळाडूंचा आणि खड्ड्यात दुचाकी घसरून पडलेल्यांचा खरा कठीण काळ मात्र त्यानंतर सुरू होतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून असे रुग्ण मी नेहमी पाहते. त्यांपैकी कॉलर बोन आणि खांद्यामागचे फऱ्याचे हाड यांच्यामधला सांधा सुटलेल्या रुग्णांविषयी हे पत्र आहे.

हात अंगालगत असताना माणूस खांद्याच्या टोकावर आपटला, की फरा खाली ढकलला जातो, कॉलर बोन जागेवरच राहते आणि दोघांना बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात किंवा तुटतात. दंडाचे हाड खोबणीतून निखळते ती दुखापत वेगळी आणि तिचे उपचारही वेगळे. इथे कॉलर बोनचे बाहेरचे टोक कातडीखाली उंचवट्यासारखे वर येते. बोटाने दाबले तर पेटीच्या पट्टीसारखे खाली जाते आणि बोट काढताच पुन्हा वर येते. ते ‘बसवून’ घेण्यासाठी हाडवैद्याकडे जाणारे आजही आहेत. परंतु अस्थिबंधच तुटलेले असतील, तर चोळून खाली बसवलेले हाड कशाच्या आधारावर तिथे राहणार?

अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञ रॉकवुड यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या वर्गवारीत या दुखापतीचे सहा प्रकार आहेत. पहिल्या दोन प्रकारांत शस्त्रक्रिया लागत नाही, शेवटच्या तीन प्रकारांत ती बहुधा करावीच लागते आणि तिसऱ्या प्रकाराबाबत तज्ज्ञांमध्ये अजून एकमत नाही. कॅनडातील ८३ रुग्णांवरील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेने हुक प्लेट (हाड जागेवर धरणारी, आकडा असलेली धातूची पट्टी) बसवलेल्या रुग्णांपेक्षा शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांचा हात पहिल्या तीन महिन्यांत अधिक चांगला चालत होता आणि दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक उरला नव्हता. म्हणून उंचवटा दिसला की लगेच शस्त्रक्रिया, असे समीकरण मांडू नये. त्याचबरोबर, हाड मागे सरकले असेल तर समोरून काढलेल्या एकाच एक्स-रेत ते सहज निसटते, हेही नातेवाइकांनी लक्षात ठेवून काखेच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेबद्दल डॉक्टरांना विचारावे. शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर ती साधारण तीन आठवड्यांच्या आत झालेली बरी. त्यानंतर तुटलेले अस्थिबंध आपणहून जुळण्याची शक्यता कमी होते आणि पुष्कळदा पायातील स्नायुबंध काढून तो तिथे बसवावा लागतो.

शस्त्रक्रिया दोन प्रकारे अधिक होते. एकीत हाडांना बारीक छिद्रे पाडून मजबूत धागे आणि धातूची बटणे यांनी सांधा बांधला जातो. ही बटणे सहसा काढावी लागत नाहीत. दुसरीत हुक प्लेट बसवतात, जिचा आकडा फऱ्याच्या टोकाखाली अडकवलेला असतो आणि जी तीन-चार महिन्यांनी काढावीच लागते. माझ्याकडे आलेल्या, मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या एका तरुणाच्या खांद्यात ही प्लेट वर्ष उलटून गेले तरी तशीच होती. शर्टाच्या बाहीत हात घालताना तो दुसऱ्या हाताने कोपर उचलून धरत असे. आकड्याने वरचे हाड आतून झिजवले होते. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर व्यायामाबद्दल इंग्रजीत इतकेच लिहिलेले होते: ‘फिजिओ ॲज ॲडव्हाइज्ड’. प्लेट कधी काढायची, याचा त्यावर उल्लेखच नव्हता. तो मराठी चौथीपर्यंत शिकलेला होता आणि ते कार्ड त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते.

वास्तविक या उपचारांचे वेळापत्रक अवघड नाही. हात चार ते सहा आठवडे झोळीत राहतो. मात्र बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल पहिल्या दिवसापासून करायची असते. पहिले सहा आठवडे हात खांद्याच्या उंचीच्या वर न्यायचा नाही, आणि हुक प्लेट असेल तर ती निघेपर्यंत हे पथ्य पाळायचे. ताकदीचे व्यायाम साधारण तिसऱ्या महिन्यानंतर. कबड्डी, कुस्ती किंवा पाठीवर पोती वाहणे चार ते सहा महिन्यांनंतरच. श्रेयस अय्यर यांची दुखापत वेगळी होती, तरी मार्च २०२१ मध्ये गहुंजेच्या सामन्यात खांदा दुखावल्यावर त्यांनाही शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला सप्टेंबर उजाडला, आणि त्यांच्या दिमतीला तज्ज्ञांचे पथक होते. हातावर पोट असलेल्या माणसाने हेच महिने एकट्याने कसे काढायचे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतरचा पाठपुरावा दहा दिवसांपर्यंतचा धरलेला आहे. या दुखापतीत दहाव्या दिवशी रुग्णाचा हात झोळीतून बाहेरही आलेला नसतो. तेव्हा खांद्याच्या शस्त्रक्रियांच्या पॅकेजमध्ये किमान तीन महिन्यांची फिजिओथेरपी समाविष्ट करावी, आणि ती तालुक्याच्या ठिकाणी मिळावी यासाठी उपजिल्हा रुग्णालयांतील फिजिओथेरपिस्टची पदे मंजूर करून भरावीत, अशी आरोग्य विभागाला माझी विनंती आहे. डिस्चार्ज कार्डावर व्यायामाचे टप्पे आणि प्लेट काढण्याची तारीख मराठीत लिहिण्यासाठी तर खर्चही येत नाही. २०२२ साली राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. गोविंदांचा विमाही उतरवला जातो. त्या विम्यात रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे उपचार धरले आहेत का, हे मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनी थर लावण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा