मूत्राशयातील इंजेक्शनचा उपचार विदर्भातील खेड्यांनाही मिळावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कापूस वेचणीचा जोर ओसरला की आमच्याकडे गावोगावी आरोग्य शिबिरे भरू लागतात. रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते, मोतीबिंदूचे रुग्ण निवडून शस्त्रक्रियेसाठी नेले जातात. परंतु लघवीची एकाएकी घाई होऊन ती वाटेतच सुटणे, दिवसभर सारखे उठावे लागणे आणि रात्रीही त्यापायी झोप न लागणे, या तक्रारीसाठी यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या आरोग्य सेविकेच्या नोकरीत एकही शिबिर भरल्याचे मला आठवत नाही. या आजारावर गोळ्यांनी गुण न आल्यास मूत्राशयात इंजेक्शन देण्याचा मान्यताप्राप्त उपचार आहे. ज्यांना त्याची खरी गरज आहे, त्या आमच्या भागातील बायकांच्या आणि मणक्याला इजा झालेल्या माणसांच्या कानांवर मात्र त्याचे नावही पडलेले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

निरोगी मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते आणि ते भरत असताना त्याच्या भिंतीतील स्नायू सैल राहतो. अतिक्रियाशील मूत्राशयात हाच स्नायू थोडी लघवी साठताच आपोआप आकुंचन पावतो, त्यामुळे घाई इतकी जोराची होते की धरवत नाही. जिवाला धोका नसलेला हा आजार माणसाचे जगणे मात्र आखडून टाकतो. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तरी अशी बाई दोन तासांच्या प्रवासाला निघत नाही. लग्नाच्या मांडवात ती कडेला, बाहेर पडायच्या वाटेजवळ बसते. शेतात आडोसा नसतो, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पाणी न पिणे किती घातक आहे, हे निराळे सांगायला नको. त्यात दाट झालेली लघवी मूत्राशयाला अधिकच चेतवते आणि जंतुसंसर्गालाही वाव मिळतो.

ही तक्रार बायका स्वतःहून सांगत नाहीत. “वय झालं जी, असं होतेच,” असे म्हणून विषय संपतो, किंवा घरात सुनेलाही कळणार नाही अशा रीतीने कपडे धुतले जातात. न सांगितलेल्या दुखण्यांचे प्रमाण किती मोठे असू शकते, हे विदर्भानेच जगाला दाखवून दिलेले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते आणि तपासलेल्या सर्व स्त्रियांपैकी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची त्याआधी कधी तशी तपासणी झालेली होती. तो अभ्यास लघवीच्या विकारांचा नव्हता, परंतु कोणी विचारल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय अशी दुखणी उजेडात येत नाहीत, हा त्याचा धडा या विकारालाही तंतोतंत लागू पडतो.

आता इंजेक्शनविषयी. त्यातील औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, अर्थात सौंदर्योपचारामुळे सर्वांना ठाऊक झालेले बोटॉक्स. चेहऱ्याच्या सुरकुत्यांचे औषध लघवीच्या पिशवीत कशाला, असा प्रश्न मला सुशिक्षित माणसांनीही विचारलेला आहे. वास्तविक हे औषध सुरकुत्यांच्या कितीतरी आधी डोळ्यांच्या तिरळेपणासाठी वापरात आले. मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य सुटते, तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. हे औषध ते द्रव्य सुटू देत नाही, म्हणून स्नायू काही महिने शांत राहतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मज्जासंस्थेच्या आजारामुळे होणाऱ्या लघवीच्या गळतीसाठी २०११ मध्ये आणि अतिक्रियाशील मूत्राशयासाठी २०१३ मध्ये त्याला मान्यता दिली. अतिक्रियाशील मूत्राशयासाठी १०० युनिट औषध, मूत्रमार्गातून दुर्बीण आत घालून, मूत्राशयाच्या भिंतीत सुमारे २० ठिकाणी थोडे थोडे टोचले जाते. बहुतेकांना केवळ जागा बधिर करून हे करता येते, पोटावर चिरा द्यावा लागत नाही आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. गुण साधारणपणे दोन आठवड्यांत दिसू लागतो आणि सुमारे सहा महिने टिकतो. मग इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते, मात्र दोन इंजेक्शनांत किमान १२ आठवड्यांचे अंतर ठेवावेच लागते.

या उपचाराची बाजू मी मांडत असले तरी त्याचे गुणगान करून भागणार नाही, कारण अर्धवट माहितीवर उपचार घेतलेला खेड्यातील रुग्ण पुढच्या अडचणीच्या वेळी एकटा पडतो. मान्यतेपूर्वी अमेरिका व कॅनडात झालेल्या ५५७ रुग्णांच्या एका चाचणीत, इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के रुग्णांची गळती १२ आठवड्यांनी पूर्ण थांबलेली होती; नुसते औषधविरहित पाणी टोचलेल्यांत हे प्रमाण साडेसहा टक्के होते. बाकीच्यांपैकी अनेकांची गळती कमी झाली, थांबली नाही. त्याच चाचणीत इंजेक्शन घेतलेल्या सुमारे ५ टक्के रुग्णांना लघवी तुंबण्याचा त्रास झाला आणि मूत्रसंसर्गाचे प्रमाणही वाढले. लघवी तुंबली तर औषधाचा जोर ओसरेपर्यंत, कधी काही आठवडे तर कधी काही महिने, दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळी घालून लघवी काढावी लागते. ही नळी आपल्या हाताने घालायला शिकण्याची तयारी आहे का, हे इंजेक्शनच्या आधी विचारणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. ज्या घरात न्हाणीघराला दार नाही आणि पाणी दुरून भरून आणावे लागते, तेथे या प्रश्नाचे उत्तर सोपे नसते, म्हणून तो घाईने विचारून चालणार नाही. इंजेक्शनच्या वेळी लघवीत जंतुसंसर्ग नसावा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना आधीच सांगाव्यात, आणि दोन आठवड्यांच्या आत मूत्राशयात लघवी शिल्लक राहते का, हे सोनोग्राफीने पाहून घ्यावे. खेड्यांत सर्रास टोचल्या जाणाऱ्या जेंटामायसिनच्या गटातील प्रतिजैविके या औषधाचा परिणाम वाढवू शकतात, हे गावातील डॉक्टरांनीही लक्षात ठेवले पाहिजे.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे लघवीची प्रत्येक गळती या इंजेक्शनने बरी होत नाही. खोकताना, शिंकताना किंवा पाण्याचा गुंड उचलताना थेंब सुटत असतील, तर तो ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा कमकुवतपणा असतो. वारंवार बाळंतपणे झालेल्या आणि बाळंतपणानंतर लगेच जड कामाला लागलेल्या आमच्या बायकांत हा प्रकार पुष्कळ दिसतो. त्यावर त्या स्नायूंचा व्यायाम शिकून निदान तीन महिने नेमाने करणे, आणि त्याने न भागल्यास शस्त्रक्रिया, हा मार्ग आहे. अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा गर्भपिशवी काढल्यानंतर रात्रंदिवस लघवी झिरपत असेल, तर आत भगदाड पडलेले असू शकते आणि ते शस्त्रक्रियेनेच बुजवावे लागते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची पिशवी मुळातच रिकामी होत नसेल, तर हे इंजेक्शन त्याला अपायच करील. खरी घाईची तक्रार असली तरी पहिली पायरी इंजेक्शनची नाही. तीन दिवस लघवीची वेळ आणि मात्रा लिहून ठेवणे, चहा कमी करणे, दोन लघव्यांमधील अंतर हळूहळू वाढवणे, मधुमेह व संसर्ग तपासणे, मग सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉनसारख्या गोळ्या, असा क्रम आहे. सोलिफेनासिनच्या गटातील गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होते आणि वृद्धांच्या स्मरणशक्तीवरही परिणाम होऊ शकतो. मिराबेग्रॉनने काहींचा रक्तदाब वाढतो. गोळ्या सोसत नाहीत किंवा लागू पडत नाहीत, अशांसाठी हे इंजेक्शन आहे.

मणक्याला इजा झालेल्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि तो बहुतेक तरुण पुरुषांचा आहे. झाडावरून किंवा विहिरीत पडून, दुचाकीच्या अपघातात मणका मोडला की पायांबरोबर मूत्राशयाचाही ताबा जातो. पायांकडे सगळ्यांचे लक्ष असते. मूत्राशयात वाढत जाणारा दाब वर मूत्रपिंडांपर्यंत पोहोचून ती निकामी करू शकतो, हे मात्र घरच्यांना कोणी सांगितलेले नसते. अशा रुग्णांना २०० युनिटचे इंजेक्शन देऊन हा दाब कमी करता येतो. त्यांच्यातील अनेकांना नळीची सवय आधीच असते, त्यामुळे लघवी तुंबण्याची भीतीही त्यांच्या बाबतीत तेवढी आड येत नाही. सरकारी खर्चाने कोणाला प्रथम हा उपचार द्यावा असे मला विचारले, तर मी या रुग्णांकडे बोट दाखवीन.

अडचण अंतराची आणि पैशाची आहे. मूत्ररोगाचे विभाग नागपूरसारख्या शहरांतच आहेत आणि गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याहून नागपूर ३०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. ज्याला बसमध्ये लघवी धरवत नाही, त्याला वर्षातून दोनदा हा प्रवास करायला लावणे म्हणजे उपचार नाकारण्यासारखेच आहे. औषधाची कुपी महाग असते आणि तिला २ ते ८ अंश तापमान लागते. पण लसींसाठी तेवढीच थंडी राखणारी शीतसाखळी आपण प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत कधीचीच पोहोचवलेली आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयात हे औषध ठेवता येत नाही, ही सबब कोणी सांगू नये. नागपूर किंवा सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील तज्ज्ञांनी महिन्यातून एक दिवस जिल्हा रुग्णालयात यावे आणि त्या दिवशी निदान व इंजेक्शन दोन्ही व्हावे, अशी माझी आरोग्य विभागाला विनंती आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे इंजेक्शन, त्याची पुढची मात्रा धरून, मिळेल की नाही, हे प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात मराठीत फलकावर लिहावे. आशाताई घरोघरी रक्तदाब-मधुमेहाची माहिती घेतात, तेव्हा “लघवी धरवते का?” हा प्रश्न एकांतात विचारण्याचे प्रशिक्षण त्यांना द्यावे. आणि ज्यांना नळी वापरावी लागते, त्यांना ती स्वच्छतेच्या साहित्यासह उपकेंद्रातून मोफत मिळावी. आज त्यासाठी तालुक्याच्या औषध दुकानात जावे लागते आणि पैसे नसले की तीच नळी पुन्हा पुन्हा वापरली जाते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ