हातावर भरवायचे पिल्लू विकू नका, घेऊही नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे आता बऱ्याच घरांत पोचले आहे. त्यामुळे मुलांनी पोपटाचा हट्ट धरला की पालक परदेशी पक्ष्याकडे वळतात, आणि त्यात सगळ्यांत जास्त खपतो तो तुरेवाला, नारिंगी गालांचा कॉकाटिल. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, काकाकुवाच्या कुळातला सर्वांत छोटा पक्षी. आपल्याकडे विकले जातात ते इथेच पैदास झालेले. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव या पोपटांप्रमाणे साइट्स, म्हणजे धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत तो नाही, म्हणून घरी ठेवण्यात कायद्याची अडचण येत नाही. अडचण आहे ती ज्या वयात तो विकला जातो त्याची, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच.

कॉकाटिलचे अंडे साधारण १८ ते २१ दिवसांत फुटते. पिल्लू चार-पाच आठवड्यांनी पेटीबाहेर येते, पण त्यानंतरही आईबाप त्याला भरवत राहतात. दाणा सोलून स्वतःचे पोट भरायला त्याला आठ ते दहा आठवडे लागतात, काहींना बारा. बाजारात मात्र तीन-चार आठवड्यांचे, पिसांच्या नळ्याही पुरत्या न उघडलेले पिल्लू ‘हॅन्डफीड’ म्हणून सिरिंज आणि पावडरीच्या पुडीसह हातात ठेवले जाते. ‘लहान घ्याल तरच माणसाळेल,’ हे दुकानदाराचे ठरलेले वाक्य. खरे कारण वेगळे आहे. पुढचे पाच आठवडे दिवसातून तीन-चार वेळा भरवण्याची मेहनत वाचते आणि पिलांतून मोकळी झालेली जोडी लवकर पुन्हा अंड्यावर बसते. पैदास करणाऱ्याने रोज हाताळलेले, स्वतः खाऊ लागलेले तीन महिन्यांचे पिल्लू तितकेच माणसाळते.

भरवणे हे कसबाचे काम आहे. पावडर गरम पाण्यात कालवून केलेली पेज ३९ ते ४१ अंश सेल्सिअस तापमानाची हवी, आणि ते थर्मामीटरने मोजायचे, बोटाने नव्हे. त्याहून गार पेज गळ्याखालच्या पिशवीत, म्हणजे क्रॉपमध्ये, तशीच पडून राहते व आंबते. ४३ अंशांच्या वर गेली की पिशवी आतून भाजते. ते त्या दिवशी दिसत नाही. काही दिवसांनी कातडी मरते, भोक पडते आणि भरवलेले छातीवर ओघळते. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या पेजेत मधेच एखादा चटका देणारा भाग राहतो, तेव्हा तो मोह टाळावा. सिरिंज घाईने दाबली तर पेज श्वासनलिकेत जाते. पिल्लू तिथेच गुदमरते किंवा दोन दिवसांत न्यूमोनियाने जाते. पातळ केली तर पोट पाण्याने भरते आणि वजन घटत जाते. पावडर संपली म्हणून दूध-पोळी देणारेही आहेत. दुधातली साखर पचवण्याची सोय पक्ष्याच्या पोटात नसते. पहिल्यांदाच पक्षी आणणाऱ्या कुटुंबाच्या, त्यातही दहा वर्षांच्या मुलाच्या हाती हे काम देणे क्रूरपणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा घेताना पिल्लू स्वतः खाते का, ते डोळ्यांनी पाहा. दुकानात अर्धा तास थांबा. दाणा चोचीत फिरवून त्याने टरफल टाकले पाहिजे. नुसते चिवडणे म्हणजे खाणे नव्हे. गळ्याखाली अलगद बोट लावल्यावर पेजेचा मऊ फुगा लागतो की दाण्यांची खरखर, तेही कळते. मग छातीचे मधले हाड चाचपा. दोन्ही बाजूंनी मांस हवे. सुरीच्या धारेसारखे हाड लागले तर पक्षी उपाशी किंवा आजारी आहे. नाकपुड्या कोरड्या, गुदाजवळची पिसे स्वच्छ, आणि शांत बसलेला असताना श्वासाबरोबर शेपूट वरखाली हलत नसावे. ल्युटिनो म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळट पांढऱ्या कॉकाटिलच्या तुऱ्यामागे टक्कल असते. ते खाजेचे नाही, पैदाशीतून आलेले आहे; त्याने बिघडत काही नाही. सहा महिन्यांखालची ‘जोडी’ म्हणून कोणी विकत असेल तर तो अंदाज आहे, कारण त्या वयात नरही मादीसारखाच दिसतो. खात्री हवी असेल तर पिसावरून डीएनए तपासणी करता येते.

आता घर. आपल्या घरांतला या पक्ष्याचा पहिला शत्रू म्हणजे छताचा पंखा. पंख कापले की पक्षी सुरक्षित, हा गैरसमज आहे; कापलेल्या पंखांनीही घाबरलेला कॉकाटिल पात्यांपर्यंत पोचतो. पक्षी बाहेर असताना पंखा बंद, आणि कोणी सवयीने चालू करू नये म्हणून बटणावर चिकटपट्टी. दुसरा धोका स्वयंपाकघरात. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर विसरला की काही मिनिटांत २८० अंशांच्या पुढे जातो आणि त्याच्या लेपातून जो वायू सुटतो त्याने माणसाला फार तर कणकण येते, पक्षी मात्र काही मिनिटांत मरतो. सँडविच टोस्टर आणि एअरफ्रायर यांचेही लेप बहुधा तेच. पक्ष्याच्या घरात लोखंडी तवा बरा. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि फवारे पक्ष्याच्या खोलीत नकोत.

पिंजरा एका पक्ष्याला कमीत कमी ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ६० उंच असावा. पक्षी शेपटीसकट ३० ते ३३ सेंटिमीटरचा असतो, तो बजी या छोट्या पोपटाच्या पिंजऱ्यात नीट वळूही शकत नाही. गजांमधले अंतर दीड सेंटिमीटरच्या आसपास. जस्ताचा मुलामा दिलेली जीआय जाळी स्वस्त मिळते, पण हा पक्षी दिवसभर गज चावतो आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. पावडर कोटिंग किंवा स्टेनलेस स्टील घ्या. प्लॅस्टिकची गुळगुळीत दांडी काढून पेरूच्या, फवारणी न झालेल्या, कमी-जास्त जाडीच्या फांद्या लावा, नाहीतर तळपायाला फोड येतात. पिंजऱ्यासोबत घरट्यासाठी मडके फुकट मिळते, तेही परत करा. मडके दिसले की मादी नर नसतानाही अंडी घालू लागते, कॅल्शियम संपते आणि एखादे अंडे अडकते. तळाशी फुगून बसलेली, जोर करणारी मादी दिसली तर सकाळपर्यंत थांबू नये.

खाण्याबाबत दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे वाटीभर सूर्यफुलाच्या बिया. पक्ष्याला त्या आवडतात, पण त्यांत तेल फार. यकृतावर चरबी साठते आणि अ जीवनसत्त्व मिळत नाही. राळे, बाजरी, वरी अशा बारीक दाण्यांचे मिश्रण किंवा पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या), दिवसाला १२ ते १५ ग्रॅम पुरेत. सूर्यफूल चार-पाच बिया, तेही हातावर बोलावताना. रोज मेथी, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, लाल भोपळा, आणि पिंजऱ्याला समुद्रफेसाचा तुकडा अडकवलेला. अव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण वर्ज्य. दुसरी चूक फार साधी आहे. पक्षी दाणा खाऊन टरफले वाटीतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते, घरचे निर्धास्त राहतात आणि पक्षी उपाशी असतो. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारून पाहावे. पावसाळ्यात दाणे हवाबंद डब्यात ठेवा; बुरशीचा वास आला तर सगळे फेकून द्या.

कॉकाटिल रात्री दचकतो, हे विकणारा सहसा सांगत नाही. पाल सरकली, फटाका वाजला, बाहेरून गाडीचा झोत आला की तो अंधारात पिंजऱ्यावर आपटत राहतो आणि पिसांच्या कोवळ्या नळ्या तुटून रक्त येते. मंद दिवा ठेवला आणि रात्री पिंजरा झाकताना एक बाजू उघडी राखली की हे पुष्कळ कमी होते. दिवाळीत आणि मिरवणुकीच्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत हवा. बाल्कनीत तर कधीच नको. तिथे कावळे, मांजर, उंदीर आणि दुपारचे ऊन, चारही येतात.

घरात दम्याचा रुग्ण असेल तर हा पक्षी मुळीच आणू नये. त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. काळ्या टीव्हीवर दोन दिवसांत दिसते. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला. कबुतरांची पिसे व विष्ठा यांच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या ज्या आजाराची तेव्हा चर्चा होती, तो पिंजऱ्यातल्या कॉकाटिलमुळेही होतो. पिंजऱ्यातला कागद ओला करूनच उचलावा, म्हणजे धूळ उडत नाही. घरात कोणाला ताप व कोरडा खोकला हटेना, तर घरी पक्षी आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा. सिटाकोसिस हा पक्ष्यापासून होणारा ताप विचारल्याशिवाय लक्षात येत नाही, आणि नेमके औषध दिले तर बरा होतो.

पक्षी आजार लपवतो, म्हणून एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि आठवड्यातून एकदा सकाळी वजन लिहून ठेवा. मोठा पक्षी साधारण ८० ते १०० ग्रॅमचा. नऊ-दहा ग्रॅम घटले की पक्षी चांगला दिसत असला तरी डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पक्षी हाताळणारे थोडे. त्यांचा पत्ता पक्षी आणण्याआधी शोधावा. नीट ठेवलेला कॉकाटिल १५ ते २० वर्षे जगतो, म्हणजे आज हट्ट धरणारे मूल नोकरीला लागेपर्यंत. कंटाळा आला म्हणून सोडून देणे ही सुटका नव्हे. आपल्या आभाळात त्याला कावळे टिकू देत नाहीत.

प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. रविवारच्या बाजारात पाटीत पिल्ले घेऊन बसणाऱ्यांकडे ती नोंदणी विचारतो कोण? पशुसंवर्धन विभागाने आणि पालिकांनी निदान एवढे करावे: प्रत्येक पावतीवर पिल्लू अंड्यातून बाहेर आल्याची तारीख आणि ‘स्वतः खाते’ ही नोंद असल्याशिवाय कॉकाटिल विकू देऊ नये. कोवळेपणी पायात चढवलेल्या बंद कडीवर जन्मवर्ष असते आणि ती कडी मोठ्या पक्ष्याला नंतर चढत नाही, त्यामुळे निदान वर्ष तरी खोटे सांगता येणार नाही. तोपर्यंत ग्राहकांनी पावती मागावी, आणि सिरिंज हातात ठेवणाऱ्या दुकानातून रिकाम्या हाती परत यावे.

आपला,
पक्षी पाळणारा एक वाचक, कोल्हापूर