मूलपेशींच्या बातमीत रुग्णसंख्याही छापावी

संपादक महोदय,

मज्जारज्जूला इजा झालेला रुग्ण मूलपेशींमुळे (म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशींमुळे) पुन्हा चालू लागणार, अशा आशयाचे मथळे अधूनमधून वाचायला मिळतात. त्यामागचे संशोधन खरे असते. पण ज्या घरात असा रुग्ण आहे तिथे तो मथळा कसा वाचला जाईल, याचा विचार झालेला दिसत नाही.

रेनॉल्ड्स आणि वाइस या संशोधकांनी १९९२ मध्ये प्रौढ उंदराच्या मेंदूतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांपासून नव्या चेतापेशी मिळवल्या, तेव्हापासून या क्षेत्राकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि त्या अवाजवी नाहीत. मात्र पेशी टोचणे म्हणजे तुटलेली तार जोडणे नव्हे. इजेच्या जागी व्रण धरलेला असतो, भोवतालची काही द्रव्ये तंतूंची वाढ रोखतात, आणि नव्या पेशीचा तंतू योग्य पेशीपर्यंत पोहोचून तिच्याशी जोडला गेला तरच संदेश पुढे जातो. प्राण्यांवरील प्रयोगांत दिसणारी सुधारणाही पुष्कळदा नव्या जोडण्यांमुळे नव्हे, तर या पेशींनी स्रवलेल्या पोषक द्रव्यांमुळे किंवा तंतूंवरील मायलिनचे आवरण सावरल्यामुळे झालेली असू शकते.

जपानच्या केइओ विद्यापीठातील चाचणीचेच पाहा. आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना प्रयोगशाळेत पुन्हा मूलपेशींसारखे बनवून मिळवलेल्या पेशींपासून) तयार केलेल्या चेता-पूर्वपेशी, म्हणजे पुढे चेतापेशी होऊ शकणाऱ्या पेशी, तिथे मज्जारज्जूच्या अलीकडच्या इजेच्या चार रुग्णांना दिल्या गेल्या; मार्च २०२५ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत आणि दोघांच्या हालचालींत सुधारणा झाली. पण इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत काही रुग्ण आपोआपही सुधारतात, आणि तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे श्रेय कोणाला द्यायचे हे चार जणांवरून ठरवता येत नाही. दोघांची सुधारणा मथळ्यात येते, ही अडचण मात्र शेवटच्या परिच्छेदातही क्वचितच सापडते.

धोकाही काल्पनिक नाही. परदेशात जाऊन गर्भजन्य चेता-मूलपेशी टोचून घेतलेल्या एका मुलाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी वाढल्या व त्या दात्याच्याच पेशींपासून झाल्या होत्या, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात तपासणीअंती दाखवून दिलेले आहे.

म्हणून विनंती अशी, की अशा प्रत्येक बातमीत रुग्ण किती होते, चाचणी कोणत्या टप्प्यावर आहे आणि तुलनेचा गट होता का, एवढे तरी छापावे. उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेतले होते का, हेही विचारावे. कारण प्रायोगिक उपचारासाठी रुग्णालाच मोठी रक्कम मोजावी लागत असेल, तर त्याला चाचणी म्हणायचे का, हाच प्रश्न आधी उभा राहतो.

आपला,
एक नियमित वाचक