कालिनिन्स्की म्हणजे कालिनिनग्राद नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला रशियातल्या मेद्नोये गावावरचा लेख वाचला आणि फार वाईट वाटले. आपल्या लेखकाने हे गाव ‘कालिनिनग्राद जिल्ह्यात’ नेऊन ठेवले आहे. एकदा नव्हे, तीनदा. नकाशातला ठिपकाही बाल्टिक समुद्राकाठी. मेद्नोये त्वेर शहरापासून तीसेक किलोमीटरवर, त्वेर्त्सा नदीच्या काठी, कालिनिन्स्की रायोनमध्ये (रायोन म्हणजे आपल्या तालुक्यासारखा विभाग) आहे. कालिनिनग्राद तिथून हजारेक किलोमीटर दूर, आणि मध्ये परके देश.

नावाचा एवढासा घोळ, त्यात काय, असे कोणी म्हणेल. मला तसे म्हणता येत नाही. माझी मुलगी त्वेरला वैद्यकीय शिक्षण घेत होती. शेवटची दोन वर्षे ती मैत्रिणीबरोबर शहराला लागूनच असलेल्या निकुलिनोत खोली घेऊन राहिली. गाव शहराला खेटून असले तरी मोडते कालिनिन्स्की रायोनमध्ये. २०१७ च्या दिवाळीनंतर मी तिला एक खोके पाठवले. त्यात भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि तिच्या आजीने तीन महिने बसून विणलेला लोकरीचा स्वेटर. पत्ता तिने सांगितला तस्साच लिहिला. कुरिअरच्या काउंटरवरच्या मुलाने संगणकात ‘कालिनिन’ एवढेच टाइप केले, यादीत वर आलेले नाव निवडले आणि पावती हातात दिली. ती न वाचता मी खिशात घातली, ही माझी चूक. पण पत्त्यात पिनकोड होता, १७० ने सुरू होणारा, म्हणजे त्वेरचा. कालिनिनग्रादचा २३६ ने सुरू होतो. तो कोणी पाहिलाच नाही.

खोके मार्चमध्ये परत आले. मेतकुटाची पिशवी फुटली होती आणि स्वेटरच्या विणीविणीत पिवळी पूड बसली होती. आजीने तो दोनदा धुतला, तरी वास गेला नाही. तिकडे पोरीने उणे वीस अंशांत एकावर एक दोन जॅकेटे घालून हिवाळा काढला.

हा घोळ होतो कसा, ते लेखकाने दहा मिनिटे दिली असती तर कळले असते. १९३१ मध्ये सोव्हिएत नेता मिखाईल कालिनिनच्या नावावरून त्वेरचे नाव कालिनिन झाले. १९९० मध्ये शहराने जुने नाव परत घेतले, भोवतालच्या रायोनचे मात्र कालिनिन्स्कीच राहिले. बाल्टिककाठच्या शहरालाही याच माणसाचे नाव, पण ते १९४६ मध्ये दिलेले. कालिनिन्स्की रायोन तर सेंट पीटर्सबर्ग शहरात आहे, सारातोव्हकडे आहे, क्रास्नोदारकडेही आहे. ओब्लास्त, म्हणजे प्रांत, लिहिल्याशिवाय नुसत्या रायोनच्या नावाला काही अर्थ नाही.

आणि मेद्नोयेच्या बाबतीत ही चूक साधी नाही. १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी ओस्ताश्कोव्हच्या छावणीतले सहा हजारांवर पोलिश कैदी, बहुतेक पोलीस, कालिनिन शहरात आणून त्यांना गोळ्या घातल्या आणि मेद्नोयेजवळच्या जंगलात पुरले. २००० मध्ये तिथे स्मारक झाले. त्याच १९४० मध्ये आजचे कालिनिनग्राद क्योनिग्सबर्ग होते, हिटलरच्या जर्मनीत होते. म्हणजे आपला लेख आणि नकाशा समोर ठेवणाऱ्याला वाटणार की ही माणसे जर्मनांनी मारली. कातिनबद्दल, म्हणजे त्याच वर्षीच्या पोलिश कैद्यांच्या हत्याकांडाबद्दल, सोव्हिएत सरकार १९९० पर्यंत नेमके हेच खोटे सांगत होते. त्वेरमधल्या ज्या इमारतीत गोळ्या घातल्या, तिथे आज वैद्यकीय विद्यापीठ आहे. माझी मुलगी रोज त्या भिंतीवरून जायची. तिथे दोन स्मृतिफलक होते, २०२० मध्ये तेही काढले. फलक उतरवले गेले असताना निदान छापील कागदावर तरी जागा बरोबर राहायला हवी होती.

‘जिल्हा’ हा शब्दही जपून वापरावा. त्वेर ओब्लास्त ८४ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून मोठा, आणि वस्ती जेमतेम बारा लाख. त्याखाली रायोन, म्हणजे आपल्या तालुक्याच्या पायरीवरचा. २००३ च्या कायद्याने रायोनखाली ग्रामीण वस्त्या आल्या, प्रत्येकीचा प्रमुख आणि परिषद वेगळी. गेल्या काही वर्षांत त्वेरकडे एकामागून एक रायोनांचे म्युनिसिपल ओक्रुग, म्हणजे एकाच कचेरीचा विभाग, करून त्या परिषदा बंद केल्या. गावकऱ्याचा दाखला आता गावात मिळतो की शहरात, हा प्रश्न तिथेही आपल्यासारखाच जिव्हाळ्याचा आहे. लेखात त्यावर एक ओळ नाही. कालिनिन्स्की रायोन चार हजार चौरस किलोमीटरहून थोडा मोठा, आपल्या सिंधुदुर्गापेक्षा लहान. मधून व्होल्गा वाहते, मॉस्को–पीटर्सबर्ग हमरस्ता जातो, वासिल्येव्स्की मोखसारख्या वसाहती दलदलीतले पीट, म्हणजे जळणाची कुजकट माती, काढण्यासाठी वसल्या. त्याला ‘निर्मनुष्य अरण्य’ कसे म्हणता? कचेरी त्वेर शहरात, आणि त्वेर मात्र रायोनमध्ये नाही. हवेली तालुक्याची कचेरी पुण्यात, तसेच. पुणेकर वाचकाला हे एका वाक्यात समजले असते.

नकाशाची छपाईही इतकी काळी की भिंग घेऊन नद्यांची नावे वाचावी लागली. आणि कुरिअरच्या याच प्रकाराबद्दल मी पूर्वी पाठवलेले पत्र आपण निम्मे कापून छापले होते, त्यात पिनकोडचा मुद्दाच गेला. हे तसे करू नये, ही विनंती.

दुरुस्ती आतल्या पानाच्या तळाशी नको, येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी हवी. मेद्नोये, कालिनिन्स्की रायोन, त्वेर ओब्लास्त. एक ओळ पुरते.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे